एकोणीस पाठींची पैज

त्या दुपारी दाछिंगच्या तेलखाणीतल्या चौथ्या तुकडीच्या न्हाणीघरात पाच माणसं पडली. पहिला पडला तेव्हा सगळे हसले. दुसरा पडला तो पहिल्याला उठवायला गेला होता. तिसरा आणि चौथा एकमेकांना धरून पडले. पाचवा होता न्हाणीघराचा राखणदार लुआन देशान. "काय गोंधळ घातलाय रे?" असं ओरडत तो चहाचा थर्मास घेऊन आत आला आणि दारापासून थेट गरम पाण्याच्या हौदापर्यंत बसल्या बसल्या घसरत गेला. थर्मास वाचला. पुढे कित्येक दिवस तो हेच सांगायचा, जणू थर्मास वाचवण्यासाठीच मुद्दाम पडला होता.

हौदाला टेकून बसल्या बसल्याच त्याने फरशीवर बोट फिरवलं. बोटाला तार सुटली.

"कुणाला सर्दी झालीय?" त्याने विचारलं.

"सर्दी नाही, काका, गोंद आहे," कोपऱ्यातून पान हू म्हणाला. हा पान हू म्हणजे दरवाजा भरून टाकील एवढा दांडगा गडी. पण त्या वेळी तो उघडाबंब, केसांत साबण आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव घेऊन उभा होता. त्याच्या केसांतून बुळबुळीत काहीतरी हनुवटीपर्यंत लोंबत होतं.

पान हू ज्या ठाण्यात कामाला होता तिथे पोत्यांतून एक पांढरी भुकटी यायची. दिसायला साखर. ती पाण्यात कालवायची, पाणी दाट करायचं, आणि ते दाट पाणी जमिनीखाली ढकलायचं, म्हणजे खडकात अडकून बसलेलं तेल पुढे सरकतं, असं वरच्या साहेबांचं म्हणणं. भुकटीला एक लांबलचक शास्त्रीय नाव होतं, ते कुणी घेत नसे. गोंद म्हणायचं, ठाण्याला गोंदाचं ठाणं आणि तिथल्यांना गोंदवाले. भुकटी कोरडी असेल तोवर गरीब. पण पोती फोडणाऱ्यांच्या केसांत, कानांत, मोज्यांत ती जाऊन बसायची, आणि गरम पाणी पडलं की फुगून तिचं असं काही शेवाळ व्हायचं की भल्याभल्यांचे पाय आकाशाला लागावेत.

लुआन लंगडत बाहेर आला, लाल रंगाचा डबा काढला आणि फळीवर लिहिलं: गोंदवाल्यांना प्रवेश नाही. फळी दाराला ठोकली. ठोकताना अंगठ्यावर हातोडी बसली, तेही गोंदाच्याच खात्यात टाकलं.

आता पडायची पाळी त्याच्या बायकोची होती. म्याओलान बायकांकडचं न्हाणीघर सांभाळायची, आणि भट्टीमागच्या बोळात तिने आंबवायला घातलेल्या कोबीचा रांजण होता. हिवाळ्याच्या तोंडाला घरोघर असे रांजण भरतात. कोबीवर दगड, दगडावर खारं पाणी. त्या खाऱ्या पाण्याची बादली घेऊन ती निघाली, उंबऱ्याशी घसरली आणि बादली सगळ्या फरशीवर. तिने आधी नवऱ्याला चार शब्द सुनावले, मग वाकून फरशीकडे बघितलं.

"इकडे ये, म्हाताऱ्या. इथं पाय ठेव."

"एकदा पडलोय मी."

"ठेव म्हणते ना."

खारं पाणी पडलं होतं तिथली बुळबुळ गेली होती. गोंदाचं नुसतं पाणी झालं होतं. म्याओलानने मूठभर जाडं मीठ आणून दुसरीकडे टाकलं. तिथेही तेच.

"मीठ मारतं याला," ती म्हणाली. "झालं तर मग. रोज दोन मुठी टाकू फरशीवर. ती पाटी काढ."

"पाटी लिहून झालीय."

"पूस."

"लाल रंगाने लिहिलीय," लुआन म्हणाला, आणि त्याच्या मते विषय संपला.

हा माणूस असाच होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, याचा तर सुंभही अजून जळायचा होता. मात्र मिठाची गोष्ट त्याने पोटात ठेवली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या तुकडीला सांगून झालं: साहेबांनी विमानाने मागवलेल्या गोंदाला माझ्या बायकोच्या कोबीच्या पाण्याने लोळवलं.

दुसऱ्या दिवशी थोंग यान आली. ही गोंदाच्या ठाण्याची प्रमुख, चाळिशीची, बुटकी, आणि बोलायला लागली की समोरच्याने आधी खुर्ची शोधावी. पण लुआनला ती काका म्हणायची, कारण तिचा बाप थोंग आणि लुआन एका तंबूत राहिलेले. एकसष्ट साली दोघांनी मिळून सात नंबरची तेलविहीर खणली होती. उणे तीसच्या थंडीत, पोटात भाकरीचा तुकडा आणि अंगावर एकच कोट दोघांत. पहिलं तेल उडालं तेव्हा दोघं तेलाने माखून एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि ते तेल त्यांनी एकमेकांच्या पाठीवरून घासून काढलं. तेव्हापासून दर शनिवारी लुआनने थोंगची पाठ घासायची आणि थोंगने लुआनची. कारण स्वतःची पाठ कुणाला घासता येत नाही, आणि आमच्याकडे पाठ घासून दिल्याशिवाय मैत्री मोजत नाहीत. थोंगला जाऊन सहा वर्षं झाली होती. लुआन रोज पन्नास पाठी घासायचा. स्वतःच्या पाठीवरून मात्र एक ओला टॉवेल दोन्ही टोकांनी ओढायचा आणि झालं म्हणायचा.

"काका, पाटी काढा," थोंग यान म्हणाली. "माझी एकोणीस माणसं आहेत. आठ बाप्ये, अकरा बायका. या थंडीत अंगाला खाज सुटलेली माणसं घेऊन मी पाळ्या कशा चालवू?"

"एकोणिसांना आंघोळ घालायची तर बाकीच्या चारशेंची हाडं मोडतील."

"मीठ टाका की. तुमचीच विद्या आहे ना? सगळीकडे सांगत फिरताय."

बोळात रांगेत बसलेली मंडळी हसली. हसली नसती तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं.

"पोरी," लुआन म्हणाला, "मी या जमिनीला भोकं पाडली आहेत. तिच्या पोटात काय आहे ते मला कळतं. तुम्ही तिच्या घशात शेंबूड ओतताय."

"पाणी आळशी असतं, काका. वाट मोकळी दिसली की तिथूनच पळतं. इतकी वर्षं आपण खाली नुसतं पाणी ढकललं, त्याने आपल्या वाटा पाडून घेतल्या, आणि तेल राहिलं बाजूच्या बारीक जागांत. दाट केलं की त्याला पळता येत नाही. ते सगळीकडून रुंद होऊन सरकतं आणि तेलाला पुढे घालून आणतं. काकू रश्श्याला बटाट्याचं पीठ लावतात ना, तसंच."

"रश्श्याला पीठ कधी लावतात? भांड्यात काही उरलं नसेल आणि पाहुणे आले असतील तेव्हा."

पुन्हा हसले, पण आता लुआनच्या बाजूने. त्याला चढलं.

"सात नंबरच्या चारी बाजूंनी तुम्ही उन्हाळ्यापासून गोंद ओतताय. किती तेल वाढलं? शंभरात शहाण्णव भाग पाणी येत होतं, आजही शहाण्णव. पाचव्या महिन्यातल्या सणापर्यंत ते पाणी कमी झालं ना, तर तुझ्या एकोणीसच्या एकोणीस पाठी घासून द्यायची जबाबदारी माझी. आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकून तुला गुरू म्हणेन."

"आणि नाही झालं तर?"

"तर ठाण्याच्या दारावर स्वतःच्या हाताने लिही: लुआनकाका म्हणत होते तेच खरं. आणि तोवर तुमचा गोंद तुमच्या घरी."

"लागली," थोंग यान म्हणाली.

रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. म्याओलान बायकांच्या दारातून सगळं ऐकत होती. थोंग यान गेल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "म्हाताऱ्या, सणापर्यंत पाणी कमी नाही झालं तर साहेब सात नंबरचं काय करणार आहेत, आठवतंय ना?"

लुआनला आठवत होतं. विहिरीजवळच्या खोलीत नोटीसच लागली होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फेरतपासणी. पाणी तेवढंच राहिलं तर पंप उतरवायचा आणि विहिरीत सिमेंट भरायचं.

"मग तू कशावर पैज लावलीस? ती मरावी यावर?"

लुआनने चहा पिण्यासाठी थर्मास उचलला. थर्मास रिकामा होता.

त्या दिवसापासून लुआन देशानचे हाल कुत्रा खाईना. रोज सकाळी तो बुटांना गवताची दोरी गुंडाळून बर्फातून सात नंबरकडे चालत जायचा. तिथे तो मोठा लोखंडी पंप मान खाली-वर करत असायचा. आमच्याकडे या पंपाला नमस्कारी म्हणतात, कारण दिवसभर तो जमिनीपर्यंत वाकतो आणि उठतो. लुआन म्हणायचा, तो मलाच नमस्कार करतो, मी त्याला जन्माला घातला. तुम्ही कधी परत करता का, असं विचारलं तर म्हणायचा, धाकट्यांना कोण नमस्कार करतं?

विहिरीच्या खोलीत पाटीवर खडूने रोजचा आकडा लिहिलेला असायचा. दाराशी पोचेपर्यंत लुआन मनात म्हणायचा, कमी होऊ दे, कमी होऊ दे. आत शिरताना आठवायचं की आपण पैज उलटी लावली आहे, आणि मग तो घाईघाईने म्हणायचा, होऊ नको दे. कोणाला काय मागावं हेच त्याला कळेना. शहाण्णव पाहिलं की तो तुकडीत येऊन छाती काढून सांगायचा, "शहाण्णव!" आणि मग भट्टीमागे जाऊन कोळशावर उगीच फावडं मारत बसायचा.

नववर्षाचा सण आला. घरोघर मोमोसारख्या मोदकांच्या ताटांवर ताटं उठली, फटाके झाले, आणि सण संपल्याच्या आठवड्यात पाटीवर आकडा आला सत्त्याण्णव.

"सत्त्याण्णव!" तो तुकडीत म्हणाला, पण या वेळी छाती काही बाहेर येईना.

तिकडे गोंदाच्या ठाण्यातही धड नव्हतं. गोंदवाल्यांना आंघोळ मिळत नव्हती तरी ते अंगाला वास येऊ न देता फिरत होते, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्यांच्या प्रमुखाचा चेहरा उतरत चालला होता. पाणी पुरेसं दाट होत नाही म्हणून तिला वरून बोलणी बसत होती. तीन आठवडे भुकटी तेवढीच टाकायची, आणि टाकीतून येतंय ते बारा दिवसांच्या आजाऱ्याच्या पेजेसारखं. तिने भुकटी बदलून पाहिली, कालवायचा वेळ वाढवला, पंप उघडून बघितले. साहेब म्हणाले होते, महिनाभरात दाटपणा आला नाही तर सात नंबरभोवतीचा प्रयोग थांबवू.

ही बातमी ऐकून लुआन ठाण्यावर जायला निघाला. चिडवायला जातोय असं त्याने बायकोला सांगितलं, आणि स्वतःलाही.

ठाण्याच्या मोठ्या दालनात शिरला तर समोर भिंतीशी एक मोठी लोखंडी टाकी आडवी कापून तिचा टब केलेला, त्यात गरम पाणी, आणि त्यात पान हू गाणं म्हणत बसलेला. पलीकडे पडदा लावून बायकांचा टब. लुआनला बघून पान हू बुडायच्या बेतात आला.

"बस, बस," लुआन म्हणाला. "बरा थाट केलाय."

"तुम्हीच घालवलंत, काका. मग आम्ही इथेच केलं. आधी फार घसरायचो. मग तुमची युक्ती वापरली." आणि त्याने अभिमानाने टबाशेजारचं पोतं दाखवलं. जाडं मीठ. पोतं अर्धं रिकामं होतं. "रोज टाकतो. फरशी कशी बघा, पोरं पकडापकडी खेळतील. तुकडीवर तुमचे उपकार आहेत."

लुआन फरशी बघायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. विहिरी खणणाऱ्याची एक खोड असते, कुठेही गेला तरी तो आधी नळ कुठून आला आणि कुठे गेला ते बघतो. आंघोळीचं खारं पाणी फरशीवरून वाहत एका खळग्यात जात होतं. खळग्यात एक छोटा पंप गुणगुणत होता. पंपाची नळी भिंतीवरून वर चढत होती, आणि वर कालवायच्या टाकीत जाऊन उतरत होती.

"हे कुठं जातं?" कळलं होतं तरी त्याने विचारलं.

"परत टाकीत. सांडलेला गोंद वाया जायला नको ना. भिंतीवर लिहिलंय बघा." भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एक थेंबही वाया घालवू नका.

लुआन तडक बाहेर आला. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की चिडवायचं राहूनच गेलं.

त्याच्या डोक्यात सगळं एका रांगेत उभं राहिलं, आणि रांगेच्या टोकाला तोच होता. त्याने पाटी लावली म्हणून ते इथे आंघोळ करू लागले. त्याने बढाई मारली म्हणून त्यांनी मीठ टाकलं. मीठ खळग्यात, खळगा टाकीत, टाकी जमिनीखाली. मूठभर मिठाने फरशीवरच्या गोंदाचं काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि इथे तर रोज पोतं उपसणं चाललं होतं. सात नंबरला औषध म्हणून जे जात होतं त्याची चव तोच बिघडवत होता, तेही थोंगच्या मुलीच्या हातून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता खरं सांगायचं तर लुआन त्याच दिवशी परत फिरला नाही. दोन दिवस तो गप्प बसला. गप्प बसलं की पैज जिंकली. दारावर थोंग यानच्या हस्ताक्षरात त्याचं नाव लागेल. सांगितलं की पाटी काढावी लागेल, चारशे माणसांसमोर, आणि वर हेही कबूल करावं लागेल की सगळा घोळ आपल्या तोंडामुळे झाला. एकसष्टाव्या वर्षी माणसाकडे उरतं काय? तोंडच ना?

तिसऱ्या दिवशी म्याओलानने डुकराचं मटण आणि आंबवलेली कोबी शिजवली, वर बटाट्याच्या शेवया सोडल्या. लुआनने दोन घास खाल्ले आणि चमचा रश्श्यात फिरवत बसला.

"खारट झालंय का?" म्याओलानने विचारलं.

"समज," लुआन म्हणाला, "एका माणसाला माहीत आहे की रस्सा का बिघडला. पण सांगितलं तर त्याचं नाक कापलं जातं."

"रस्सा कुणी खायचा आहे?"

लुआनने चमचा खाली ठेवला. "थोंगची आणि माझी लेक," तो म्हणाला. यानबद्दल बोलतोय की सात नंबरबद्दल, ते म्याओलानने विचारलं नाही. दोन्ही खरंच होतं.

"मग नाकाचं काय एवढं घेऊन बसलास?" ती म्हणाली. "हौदापर्यंत घसरत गेलास तेव्हा चारशे माणसांनी तुझं नाकच नाही, बाकीचंही सगळं पाहिलंय."

लुआनने रस्सा संपवला, टोपी घातली आणि ठाण्यावर गेला. थोंग यान टाकीच्या कडेला हातात बाटली घेऊन उभी होती. बाटली तिरपी केली की आतलं पाणी साध्या पाण्यासारखं पळत होतं.

"मीठ," लुआन म्हणाला.

"काय?"

"तुझ्या माणसांच्या टबातलं मीठ. खळग्यातून वर जातंय. ती नळी बघ." त्याने बोट दाखवलं, आणि मग जे म्हणायचं घरून ठरवून आला होता ते एका दमात म्हणून टाकलं: "मीठ माझ्यामुळे आलं, टब माझ्यामुळे आला, चूक माझी आहे. तुझी माणसं उद्यापासून न्हाणीघरात येऊ देत. मीठ मी माझ्या फरशीवर टाकेन, तिथलं पाणी गटारात जातं."

थोंग यान नळीकडे बघत राहिली. खळग्यापासून टाकीपर्यंत तिची नजर दोनदा गेली. मग ती मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"काका, तुम्ही गप्प बसला असता तर जिंकला असता."

"जिंकून काय करू? सिमेंटला नमस्कार करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भर रांगेत लुआनने पाटी उतरवली. लोकांनी विचारलं, "काय हो, लाल रंगाने लिहिली होती ना?" त्यावर त्याने सांगितलं की भट्टीला जळण कमी पडतंय. आणि पाटी खरंच भट्टीत घातली.

खळग्याची नळी बंद झाली. आठवड्यात बाटलीतलं पाणी पुन्हा तार धरू लागलं. पण जमिनीखालचा कारभार सावकाशीचा असतो. बर्फ वितळलं तरी सत्त्याण्णव. रस्त्यांचा चिखल झाला, सुकला, शहाण्णव. रोज सकाळी लुआन जायचा, बुटांना आता दोरी लागत नव्हती. आता मागणं एकच होतं, त्यामुळे निदान ते सोपं झालं होतं. लायलॅकची झाडं फुलली त्या आठवड्यात पंच्याण्णव. मग चौऱ्याण्णव. मग आकडा असा उतरू लागला की रोज खडू घेणाऱ्याने आधीचा आकडा नीट पुसायलाही थांबू नये. एक्याण्णव. एकोणनव्वद. सणाच्या आदल्या दिवशी पंच्याऐंशी.

"मी हरलो," लुआन वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला. "पंच्याऐंशी! साफ हरलो. तोंडावर आपटलो." सायकलवाल्यांना थांबवून सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. हरल्याबद्दल इतका खूश झालेला माणूस तुकडीने पाहिला नव्हता. सात नंबरचा सिमेंटचा कागद साहेबांनी परत नेला.

सणाच्या दिवशी रिवाजाची अंडी उकडून झाल्यावर गोंदवाले न्हाणीघरात आले. आधी एकोणिसांचा हिशोब झाला. आठ बाप्ये लुआनकडे, अकरा बायका म्याओलानकडे.

"पैज तू लावायची आणि अकरा पाठी मी घासायच्या," म्याओलान म्हणाली. "पुढच्या वेळी पैज लावताना बायकांची संख्या आधी मोजत जा."

लुआनने खरखरीत कापडाचा पंजा हातात चढवला आणि आठही गड्यांना एकामागून एक फळीवर पालथं घातलं. कसर ठेवली नाही. मळाच्या वळकट्या निघाल्या, त्यांच्याबरोबर गोंदाच्या तारा निघाल्या, पान हूची पाठ तर एवढी मोठी की मध्ये बसून चहा घ्यावा लागला. दर पाठीनंतर फरशीवर मूठभर मीठ. आठवी पाठ झाली तेव्हा लुआनचे खांदे भरून आले होते.

मग तो बोळात आला. थोंग यान बायकांच्या दारातून बाहेर पडली होती, ओले केस, मनगटावर सणाचा पाचरंगी दोरा. बोळ माणसांनी गच्च भरला होता. लुआनने टोपी काढली.

"गुरू," तो म्हणाला आणि कमरेत वाकला.

आणि तिथेच राहिला. लोकांना आधी वाटलं, मनापासून करतोय. मग वाटलं, जरा जास्तच करतोय. शेवटी खालून आवाज आला, "यान, पोरी, कंबर धरली. उठता येत नाही."

"असू द्या, काका," थोंग यान म्हणाली. "सात नंबरने तुम्हाला इतकी वर्षं नमस्कार केले, त्यातला एक तरी फिटू दे."

पण ती लगेच वाकून त्याला धरायला लागली होती. पान हूने लुआनला तसाच घडी घातलेला उचलला, आत नेला आणि फळीवर पालथा घातला. शर्ट काढला. मग पान हूने पाठीकडे बघितलं आणि शीळ घातली.

"काका, सगळ्या तुकडीच्या पाठी तुम्ही घासता. तुमची कोण घासतं?"

"थोंग घासायचा," लुआन फळीत तोंड खुपसून म्हणाला.

 पान हूने पंजा हातात घातला. बाप्यांच्या दाराबाहेर थोंग यान उभी होती, आत येता येत नव्हतं, तिने तिथूनच ओरडून सांगितलं, "पान हू, नीट घास. माझ्या बापाची जागा आहे ती."

पान हू घासू लागला. सहा वर्षांचा मळ होता, निघताना काही लाजला नाही. एक दमला की दुसरा येत होता, आठही जणांनी हात लावला. लुआन रडत होता. फळी ओली होतीच, त्यामुळे कुणाला दिसलं नाही, पण त्याचे खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसलं.

"लागतंय का, काका?" पान हूने हात थांबवून विचारलं. "हळू करू?"

"हळू कशाला?" लुआन म्हणाला. "थोंग जोरात घासायचा."